सेरोटोनिन कमी झालंय म्हणतात, मग ते रक्तात का दिसत नाही?

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११:१०

हा धागा काढायचा चार दिवस धीर होत नव्हता. आज काढतेय.

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवाळीनंतर तो हळूहळू गप्प होत गेला. आधी रविवारचं क्रिकेट सुटलं, मग मित्र, मग अंघोळसुद्धा. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि छताकडे बघत पडून राहतो. सकाळी तर त्याच्याकडे बघवत नाही, संध्याकाळकडे जरा बरा असतो. गेल्या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी नीट विचारपूस केली, डिप्रेशन आहे म्हणाले, एस्सिटालोप्राम सुरू केली. आईला समजावं म्हणून त्यांनी सांगितलं, "मावशी, शुगरवाल्याच्या अंगात इन्सुलिन कमी पडतं ना, तसं याच्या मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय. गोळीने भरून निघेल."

आई सातवी शिकलेली आहे, तीस वर्षं पिठाची गिरणी चालवते. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "शुगर बोटाला टोचून कळते. मग याचं कमी झालंय हे त्यांना कशावरून कळलं? ना रक्त घेतलं, ना फोटो काढला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळ्या सुरू आहेत, पण आईचा विश्वास बसत नाही आणि आता माझाही डळमळायला लागलाय. कोणी नीट सांगेल का? अवघड असलं तरी चालेल, पण खरं असेल ते सांगा.

कृष्णाकाठी | मंगळवार, सकाळी ७:२५

ताई, मी सातारा जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञ आहे. रसायनांबद्दल इथले जाणकार लिहितीलच, मी आधी तातडीचं लिहितो.

पंचवीसच्या आतल्या मुलांमध्ये ही औषधं सुरू केल्यावर पहिले काही आठवडे काहींची बेचैनी वाढते, आणि क्वचित मरणाचे विचारही वाढतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये मुलांसाठी याचा ठळक इशारा दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. घाबरून गोळी बंद करू नका. पण या दिवसांत त्याला एकटा ठेवू नका आणि सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का रे?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. हो म्हणाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

घरात कोणाला कधी उलट त्रास झालाय का, म्हणजे झोप नको, अखंड बडबड, वारेमाप खर्च? तसं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालाच, त्यावर औषध बदलतं. आणि थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन तपासून घ्या. या गोष्टी रक्तात दिसतात आणि त्यांच्यामुळेही माणूस असाच मलूल होतो.

रसशाळा | मंगळवार, दुपारी ३:४०

मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात २६ वर्षं शिकवलं. तुमच्या आईंनी रिक्षात विचारलेला प्रश्न वर्गात एकदा तरी कोणी विचारावा म्हणून मी वाट बघत असे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आधी रक्ताचं. सेरोटोनिन रक्तात मोजता येतं. पण शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन तयार होतं आतड्यात, आणि रक्तातलं बहुतेक सगळं प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची एक घट्ट भिंत असते, ती या सेरोटोनिनला पलीकडे जाऊ देत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो. त्यामुळे दंडातून रक्त काढून मेंदूतलं कळत नाही. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून सेरोटोनिन मोडल्यावर उरणारा पदार्थ मोजण्याचे प्रयत्न झाले. पण आजारी आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले निघाले की एखाद्याचा आकडा बघून 'याला डिप्रेशन आहे' असं म्हणता येत नाही.

मग 'कमी पडलंय' हे आलं कुठून? या गोष्टीची एक वाट मुंबईतून गेली आहे.

सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार वेड आणि निद्रानाशावर देत आले आहेत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेख लिहिला: वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर नवं भारतीय औषध. पुढे मुंबईत केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील रक्तदाबाच्या रुग्णांना ती देत होते. १९४९ मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं, आणि रक्तदाबासाठी ते जगभर वापरात आलं.

पण ते घेणारे काही रुग्ण खचू लागले. रडू येणं, कशात रस न वाटणं. प्रयोगशाळेत दिसलं की रेसरपीन चेतापेशींमधले सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन, डोपामिन या निरोप वाहणाऱ्या रसायनांचे साठे रिते करतं. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिलं, ससे दगडासारखे पडून राहिले. मग एल-डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो तो पदार्थ, टोचला, तर ते उठून हिंडू लागले. हे १९५७ सालचं. या वाटेने पुढे गेलेल्या कामासाठी त्यांना २००० सालचं नोबेल मिळालं.

त्याच सुमाराला अमेरिकेत स्टेटन आयलंडच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे नवं औषध देत होते. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली माणसं हसू-बोलू लागली, जेवण मागू लागली, वॉर्डात नाचतानाचे त्यांचे फोटो छापून आले. हे औषध नेमकी तीच रसायनं मोडणारं विकर अडवतं, असं कळलं.

एक औषध साठा रिता करतं, माणूस खचतो. दुसरं साठा टिकवतं, माणूस उभा राहतो. मग खचणं म्हणजे साठा कमी होणं, असा तर्क निघाला. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी तो नॉरॲड्रेनलिनच्या बाबतीत मांडला, पुढे सेरोटोनिन मध्यभागी आलं, आणि १९८७ च्या डिसेंबरात फ्लुओक्सेटिनला (एस्सिटालोप्रामच्याच गटातलं औषध) अमेरिकेत मान्यता मिळाल्यावर जाहिरातींतून 'केमिकल इम्बॅलन्स', म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा तोल बिघडणं, घरोघरी गेलं.

तर्क सुंदर होता. पण पहिल्याच पायरीवर तो डगमगत होता: रेसरपीन घेणारे सगळे खचले नव्हते, काहीच जण खचले. साठा मात्र सगळ्यांचाच रिता होत होता.

सरळमार्ग | मंगळवार, रात्री ९:५५

म्हणजे ते खोटंच होतं ना? मलाही हेच इन्सुलिनचं उदाहरण दिलं होतं. मी विश्वास ठेवला. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रीफ यांचा आढावा आला, की डिप्रेशन सेरोटोनिन कमी झाल्याने होतं याला ठोस पुरावा नाही. ते वाचून मला फसवल्यासारखं वाटलं आणि त्या रात्रीपासून गोळी बंद केली, कोणाला न विचारता. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं, चक्कर, दरदरून घाम, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून रडलो. एकवीस दिवस असे गेले.

मी कोणाला गोळी घेऊ नका म्हणत नाही. पण ज्याला औषध देताय त्याला खरं सांगा. मला खरं सांगितलं असतं तर मी असा तडकाफडकी वागलो नसतो.

रसशाळा | बुधवार, सकाळी १०:१५

सरळमार्ग, तुमच्यावर जे गुदरलं ते वाचून वाईट वाटलं. तुमचा राग रास्त आहे. हे औषध पायरी पायरीने, आठवड्या-महिन्यांनी कमी करायचं असतं, हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं.

पण इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. सेरोटोनिन कमी झाल्याने डिप्रेशन होतं का, हा एक. गोळीने बरं वाटतं का, हा दुसरा. मॉन्क्रीफ यांचा तो आढावा पहिल्या प्रश्नाचा होता. डोकं दुखल्यावर पॅरासिटामॉलने थांबतं, म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी पडलं होतं असं कोणी म्हणत नाही, आणि कमी पडलं नव्हतं म्हणून गोळी लागू पडत नाही असंही नाही.

दुसऱ्या प्रश्नावर २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठं काम आलं. ५२२ चाचण्या, १,१६,४७७ माणसं, २१ औषधं. सगळी औषधं नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने माफकच होता, तोही सांगायला हवा. काहींना पुष्कळ फायदा, काहींना थोडा, काहींना नाहीच.

इन्सुलिनच्या उदाहरणातली आणखी एक खोट. एस्सिटालोप्राम सेरोटोनिन 'भरत' नाही. एक पेशी दुसरीला निरोप देताना मधल्या फटीत सेरोटोनिन सोडते आणि काम झालं की परत ओढून घेते. गोळी ते परत ओढणं रोखते. हे काही तासांतच होतं. मग माणसाला बरं वाटायला दोन ते चार, कधी सहा आठवडे का लागतात? टाकी रिकामी होती आणि भरली, एवढंच असतं तर पहिल्याच रात्री फरक दिसला असता.

या मधल्या आठवड्यांत पेशी नव्या परिस्थितीशी जुळवून घेतात, निरोप झेलणारी ठिकाणं कमी-जास्त होतात, जोडण्या बदलतात. मला सगळ्यात पटलेलं काम मात्र ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांचं आहे. औषधाचे पहिले डोस पोटात गेले की मूड तसाच असतो, पण माणूस दुसऱ्यांचे चेहरे जरा वेगळे वाचू लागतो. डिप्रेशनमध्ये कोऱ्या चेहऱ्यातही नाराजी दिसते. ते कमी होतं, प्रेमळ चेहरा ओळखू येऊ लागतो. ते त्याला स्वतःला जाणवतही नाही. पण आई चहा देताना कशी बघते, सुपरवायझर काय सुरात बोलला, मित्राने फोन का केला, असे शेकडो प्रसंग आठवडाभर थोडे कमी बोचतात. ते साठत साठत मन वर येतं.

म्हणून घरच्यांच्या वागण्याला या आठवड्यांत फार मोल आहे. चेहरा नीट वाचायला तो पुन्हा शिकत असेल, तर समोर वाचण्याजोगा चेहरा हवा.

कृष्णाकाठी | बुधवार, दुपारी २:०५

रसशाळा सरांच्या या शेवटच्या वाक्यासाठी त्यांना मनापासून धन्यवाद.

इन्सुलिनचं उदाहरण मीही वर्षानुवर्षं दिलं आहे. का, ते सांगतो. समोर बसलेल्या पोराला घरचे 'नाटकं करतो', 'काम नको म्हणून' असं म्हणत असतात. त्याने स्वतःही ते खरं मानलेलं असतं. हा आजार खरा आहे, त्याचा दोष नाही, एवढं मिनिटभरात घरच्यांच्या गळी उतरवायचं असतं आणि बाहेर रांग असते. शुगर सगळ्यांना माहीत, म्हणून शुगर. हेतू चांगला होता, पण सरळमार्ग यांच्यासारखा अनुभव वाचला की त्याची किंमत कळते. हल्ली मी म्हणतो, "नक्की काय बिघडलंय ते मोजायचं यंत्र आपल्याकडे अजून नाही. पण अशी हजारो माणसं बघितली आहेत आणि या औषधाने त्यातल्या बऱ्याच जणांना उभं राहायला मदत झाली आहे." लोकांना हे पचतं. आपण उगाच समजतो की पचणार नाही.

ईशान्य_२२ | बुधवार, रात्री ११:३०

मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्याकडे सगळे डोपामिनबद्दलच बोलतात. रील्स बघून डोपामिन संपतं, म्हणून एक दिवस मोबाइल, गाणी, गोड सगळं बंद करायचं, मग ते परत भरतं. हे खरं आहे का? गोदाकाठ ताईंच्या भावाचं सेरोटोनिन नसून डोपामिन गेलं असेल का?

उत्तररात्र | गुरुवार, रात्री १:१५

मी बंगळुरूला मेंदूविज्ञानात पीएचडी करतेय, म्हणून थोडं लिहिते.

मोबाइल एक दिवस ठेवून दिल्याने झोप सुधारेल, डोकं शांत होईल, जरूर करा. पण डोपामिन ही टाकी नाही, आणि डोपामिन म्हणजे आनंदही नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन-पेशींचं काम नोंदवलं. फळांचा रस अचानक मिळाला की पेशी उसळायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं, तेव्हा पेशी दिव्यालाच उसळू लागल्या. रस आल्यावर शांत. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर त्या क्षणी एकदम मंदावल्या. म्हणजे ही नोंद 'अपेक्षेपेक्षा जास्त की कमी' याची असते. रील्स बोटाला चिकटतात त्या यामुळेच: पुढची कशी निघेल ते ठाऊक नसतं.

दुसरा प्रयोग केंट बेरिज यांचा. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं केलं. उंदीर समोरच्या अन्नाकडेही जाईनात. पण जिभेवर साखरेचं पाणी टाकलं, तर पूर्वीसारखेच ओठ चाटायचे. गोडी लागत होती, ओढ गेली होती. 'आवडणं' आणि 'हवंसं वाटणं' या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोदाकाठ ताई, तुमच्या भावात डोपामिन कमी आहे असं मी म्हणणार नाही, ते मोजायलाही तसंच अवघड आहे. पण तो उठत नाही आणि आई म्हणते आळशी झाला, असं होत असेल तर हा प्रयोग आईंना सांगा. हातात ताट दिलं की तो चवीने खात असेल. स्वयंपाकघरापर्यंत नेणारी ओढच आजाराने हिरावलेली असते.

(जाता जाता: गांजातला घटक मेंदूत ज्या जागी बसतो, तिथे बसणारा शरीराचा स्वतःचा पदार्थ १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये सापडला. त्याचं नाव ॲनंडमाइड, आपल्या 'आनंद' या शब्दावरून. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार छान वाटलं होतं.)

दिगंत | गुरुवार, सकाळी ८:५०

ओढ हा शब्द वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या बाबांना पार्किन्सन आहे. मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी मरत जातात, म्हणून डोपामिनसारखं काम करणारी गोळी त्यांना दिली. हात सैल झाले, चालणं सुधारलं. चारेक महिन्यांनी बँकेचं पासबुक भरून आणलं तर दीड लाख कमी. बाबा ऑनलाइन रमी खेळत होते. आयुष्यभर बसचं तिकीट जपून ठेवणारा माणूस, ज्याने कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन खेळायचे, आणि विचारलं तर म्हणाले, "मजा काही येत नाही रे, पण थांबता येत नाही."

आम्ही घरात खूप भांडलो. आई तर बोलेनाशी झाली. नंतर न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं की या गटातल्या औषधांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. डोस उतरवत नेला आणि दोन महिन्यांत रमी सुटली. बाबांना मी जे बोललो ते मात्र परत घेता येत नाही.

कोणाकडे खाजकुयलीचं चूर्ण देत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. तिच्या बियांत एल-डोपा असतं, वरून गोळीही चालू असेल तर एकूण डोस वाढतो.

अबोली | गुरुवार, दुपारी ४:३०

मी अकोल्याची. चौदा वर्षं बायपोलर (कधी उन्माद, कधी डिप्रेशन) घेऊन जगतेय, लिथियम हे औषध चालू आहे. आईंच्या प्रश्नाला माझ्याकडून एक जोड.

माझं रक्त तपासतात, दर तीन-चार महिन्यांनी. पण लिथियम कमी पडलंय का हे बघायला नव्हे. लिथियम कोणाच्याही अंगात मुळात नावापुरतंच असतं, ते खनिज आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी ते उन्मादावर वापरलं, आणि ते नेमकं कसं काम करतं यावर अजून संशोधन चालू आहे. रक्त तपासतात ते औषध जास्त तर झालं नाही ना म्हणून. लागू पडणारी पातळी आणि विषारी पातळी यांत फार थोडं अंतर असतं.

लग्नानंतर पहिल्या हरतालिकेला सासूबाईंनी निर्जळी उपवास सांगितला. मला काही बोलायचं धाडस झालं नाही. त्यात विदर्भातला उकाडा. अंगातलं पाणी-मीठ उतरलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. संध्याकाळी हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला. रात्री दवाखान्यात सलाइन. सासूबाई उशाशी बसून होत्या. तेव्हापासून दर हरतालिकेला त्याच सकाळी पहिला तांब्या माझ्या हातात देतात.

ज्यांच्या घरी लिथियम आहे त्यांनी उपवास, जुलाब, उन्हातलं चालणं आणि दुखण्यावरच्या गोळ्या, हे सगळं डॉक्टरांना विचारून.

सरळमार्ग | गुरुवार, रात्री १०:२०

अबोली ताई, दिगंत, वाचून गलबलून आलं. माझ्याबद्दल सांगायचं राहिलं: गेल्या वर्षी आजार उलटला. आता दुसऱ्या डॉक्टरांकडे आहे, गोळी आणि दर पंधरा दिवसांनी समुपदेशन दोन्ही चालू. बंद करायची वेळ येईल तेव्हा दोघांनी मिळून ठरवायचं, असं आधीच बोललोय.

गोदाकाठ | पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:४५

उशिरा येतेय, माफ करा. तुम्ही लिहिलेलं सगळं आईला दोन रात्री वाचून दाखवलं. सशांची गोष्ट तिने दोनदा ऐकली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनाही पुरतं ठाऊक नाही, पण गुण येतो." आणि थोड्या वेळाने, "गिरणीचंही तसंच. कुठला पट्टा घसरतोय ते आवाजावरून कळतं, उघडून बघावं लागत नाही."

कृष्णाकाठी डॉक्टर, तुम्ही सांगितलेला प्रश्न मी त्याला विचारला. गच्चीवर, अंधारात. तो बराच वेळ बोलला नाही, मग हो म्हणाला. रेल्वेलाइनकडे दोनदा जाऊन आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चार दिवसांनी परत बोलावलं, मग दर आठवड्याला. तेवढे दिवस आई त्याच्याच खोलीत झोपली. रक्तही तपासलं. बी१२ बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. आई म्हणाली, "हे बघ, हे दिसलं."

पहिला आठवडा मळमळ होती, दुसऱ्यात पाय सारखे हलवायचा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मला काहीच फरक वाटला नाही. मग एकदा आईने पोळी वाढताना तिच्याकडे बघून म्हणाला, "तुझा डोळा का सुजलाय?" पीठ गेलं होतं डोळ्यात. तीन महिन्यांत त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं होतं. मला एकदम रसशाळा सरांचं ते चेहऱ्याचं आठवलं आणि मी मोरीत जाऊन रडून आले.

अजून कामावर जात नाही. पहाटे जाग येते, पण साडेतीनऐवजी पाचला. आई त्याला त्या वेळी गिरणीवर नेते, जोंधळे निवडायला बसवते. कधी निवडतो, कधी नुसता बसतो. ती काही बोलत नाही.

पुढची तारीख बुधवारी आहे. गोळी किती महिने चालेल आणि बंद करताना कशी उतरवायची, हे दोन्ही विचारायचे म्हणून आईने मला कागदावर लिहून घ्यायला लावलंय.